आपण गाडी कानानं चालवतो, तिथं मानेनं चालवावी लागते

इंग्लंडमध्ये ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झालो, हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिथं खड्डं न्हाईत, म्हसरं न्हाईत, ट्रॅक्टर न्हाईत. मग नापास कशात झालास?"

त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या लायसन्सला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. एमएच-09 च्या तीन गाड्या वापरून झाल्या होत्या. गगनबावड्याचा घाट पावसाळ्यातल्या धुक्यात कितीदा उतरलो होतो. गळीत हंगामात कागलकडून रात्री येताना, मागं एकही लाल दिवा नसलेल्या उसाच्या जोड ट्रॉल्या चुकवल्या होत्या. आणि त्या गावात, धुतल्यासारख्या रस्त्यावर, ताशी 30 मैलांच्या आत, म्हणजे आपल्या हिशेबानं 48 किलोमीटरच्या आत, चाळीस मिनिटांत बाद!

आता मी कोल्हापुरात परत आलोय. ऑगस्ट उजाडला की ओळखीतलं कोणी ना कोणी शिकायला नाहीतर नोकरीला बाहेर निघतं, आणि त्यांच्या घरचे मला हटकून तोच प्रश्न विचारतात: पोरगं इथं दहा-पंधरा वर्षं गाडी चालवतंय, मग तिकडं परत क्लास कशाला? पैसे उकळायचे धंदे का?

## लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट: दोन वेगळ्या वस्तू

आधी कागदांचा गुंता सोडवू. लायसन्स म्हणजे "या माणसाला आमच्या रस्त्यावर गाडी चालवायला आमची हरकत नाही" असं एका सरकारनं दिलेलं पत्र. दुसऱ्या देशाचं सरकार ते पत्र किती दिवस मानायचं, हे त्याचं ते ठरवतं.

आपल्याकडं आरटीओतून "इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट" मिळतं. फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. बऱ्याच लोकांना वाटतं हे जगभर चालणारं लायसन्स आहे. तसं नाही. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार निघणारं ते तुमच्या मूळ लायसन्सचं मान्यताप्राप्त भाषांतर आहे, बाकी काही नाही. सोबत मूळ लायसन्स नसेल तर त्याला किंमत नाही. फिरायला गेलात, भाड्यानं गाडी घेतलीत, तर त्याचा उपयोग.

राहायला गेलात की हिशेब बदलतो. ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून 12 महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. जर्मनीत 6 महिने. कॅलिफोर्नियात रहिवासी झालात की 10 दिवसांत तिथल्या लायसन्ससाठी अर्ज करायचा असतो. संयुक्त अरब अमिरातीत रहिवासी व्हिसा लागला की त्यांचंच लायसन्स लागतं. काही देशांची आपापसांत अदलाबदल चालते: तुमचं लायसन्स द्या, आमचं घ्या, परीक्षा नको. ब्रिटनच्या आणि जर्मनीच्या त्या यादीत भारत नाही. त्यामुळं परीक्षा चुकत नाही.

मुदत संपल्यावरही जुन्या लायसन्सवर गाडी चालवणारे मी तिथं पाहिलेत. पोलिसांचं सोडा, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्याच्या दवाखान्याचा खर्च पौंडात असतो.

## मग इतक्या वर्षांचा अनुभव पाण्यात?

अगदी तसं नाही. ब्रिटनमध्ये क्लासचे ठरावीक तास भरलेच पाहिजेत असा कायदा नाही. नवख्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा पास व्हा, झालं. जर्मनीत नवख्याला सक्तीचे तास असतात, ते परदेशी लायसन्सवाल्याला माफ आहेत. पण रस्त्यावरच्या परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी आणि शिक्षक लागतो, म्हणजे त्यांचं दार वाजवावंच लागतं. दुबईत अनुभवानुसार तास कमी होतात. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात लायसन्स टप्प्याटप्प्यानं मिळतं. तिथं जुन्या अनुभवाचा पुरावा दाखवला तर मधली थांबायची वर्षं वाचू शकतात.

पुरावा म्हणजे काय, तर आरटीओच्या नोंदीतला उतारा, ज्याला सगळे "डीएल एक्स्ट्रॅक्ट" म्हणतात. लायसन्स पहिल्यांदा कधी निघालं, कुठल्या गाड्यांसाठी, हे त्यात असतं. जायच्या आधी काढून घ्या. तिकडं गेल्यावर मामाला किंवा मेव्हण्याला कोल्हापूरच्या आरटीओत हेलपाटे घालायला लावण्यात काय मजा असते, ते मामालाच विचारा.

## चितपट की गुणांवर?

मुख्य मुद्दा कागदाचा नाहीच. तो समजायला कोल्हापूरकराला कुस्तीसारखं उदाहरण नाही.

मातीतल्या कुस्तीत निकाल एकच: समोरच्याची पाठ मातीला लागली की संपलं. कशी लागली याला गुण नाहीत. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक हालचालीला गुण. मातीत वाघ असलेला पैलवान मॅटवर गेला की ताकद तीच असते, डाव तेच असतात, तरी तो गुणांवर हरतो. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती. सहावे आले. तिथले नियम अंगवळणी पाडून 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. लंडनला पैलवान कच्चा नव्हता. मोजायची पद्धत वेगळी होती.

आपल्या रस्त्यावर गाडी चालवणं ही मातीतली कुस्ती. धडक झाली नाही, गाडी घरी आली, जिंकलो. तिकडं परीक्षक शेजारी बसून गुण लिहितो. ब्रिटनमध्ये चुकांचे तीन प्रकार आहेत: किरकोळ, गंभीर, धोकादायक. किरकोळ चुका 15 पर्यंत माफ. गंभीर किंवा धोकादायक यांतली एक जरी झाली तरी नापास. शिवाय तीच किरकोळ चूक पुन्हा पुन्हा केली तर ती गंभीर धरली जाऊ शकते. धडक झाली नाही याला तिथं वेगळे गुण नाहीत.

माझी गंभीर चूक ऐका. डावीकडच्या गल्लीत वळायचं होतं. कोपऱ्यावर एक बाई बाबागाडी घेऊन उभी, अजून रस्त्यावर उतरलेली नाही. मी वेग कमी केला, तिच्यापासून भरपूर अंतर राखलं आणि सफाईदार वळण घेतलं. महाद्वार रोडवर कुणी इतकं अंतर ठेवलं असतं तर लोकांनी वळून बघितलं असतं. परीक्षकानं काहीतरी टिपून घेतलं. 2022 च्या जानेवारीपासून तिथल्या नियमावलीत स्पष्ट आहे: ज्या रस्त्यात तुम्ही वळताय तो ओलांडायला कोणी नुसतं उभं असलं तरी आधी त्याला जाऊ द्यायचं. हे मी वाचलंही होतं. परीक्षेत उत्तर लिहिलं असतं. पण पायाला ते माहीत नव्हतं.

## कान आणि मान

क्लास लावल्यावर पहिल्याच तासाला शिक्षकानं विचारलं, "आत्ता तुमच्या मागं कोण आहे?" मी सांगू शकलो नाही. सतरा वर्षं गाडी चालवणारा माणूस!

त्या रात्री विचार करताना लक्षात आलं की मी निष्काळजी नव्हतो. माझ्याकडं माहिती वेगळ्या रस्त्यानं यायची. आपल्याकडं मागचा माणूस हॉर्न वाजवून सांगतो की "मी इथं आहे, डावीकडून काढतोय". सांगायची जबाबदारी त्याची. पुढच्याचं काम फक्त पुढं बघायचं आणि कान उघडे ठेवायचे. ट्रकच्या मागं हॉर्न वाजवायची विनंती लिहिलेली असायची ती त्याचसाठी. महाराष्ट्रात 2015 साली "हॉर्न ओके प्लीज" लिहायला बंदी आली, सवय कुठं गेली? मिररवर वाढदिवसाचं स्टिकर लावून सुखानं फिरणारी गाडी आपण रोज बघतो. आपण गाडी कानानं चालवतो.

तिकडं हॉर्न जवळजवळ मुका. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात तो वाजवायचाच नाही, आणि थांबलेल्या गाडीतून एरवीही नाही. मग मागच्याचं अस्तित्व कळणार कसं? तुम्हीच शोधायचं. निघण्याआधी, वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, ब्रेक लावण्याआधीसुद्धा आरसा. आणि आरशात न दिसणारा जो कोपरा असतो, त्यासाठी खांद्यावरून मान वळवून बघायचं. जर्मन लोकांकडं याला खास शब्दच आहे, शुल्टरब्लिक, म्हणजे खांद्यावरची नजर. ती चुकली की परीक्षेत हमखास पकडतात.

यात दिखावा किती आणि खरं किती? थोडा दिखावा आहे, नाही कशाला म्हणू. डोळ्यांची बुबुळं फिरवलीत तर परीक्षकाला ते दिसेलच असं नाही, म्हणून मान जरा ठसठशीत वळवायला शिकवतात. पण शांत रस्त्यावर सायकलवाला आवाज न करता तुमच्या डाव्या दाराला येऊन भिडतो, तो हॉर्न देणार नाही. तिथं मान हाच कान.

क्लासचा खरा उपयोग मला इथं झाला. गाडी हाकायला शिकवायचं काही नव्हतं, शिक्षकानं क्लचबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानं मला मोठ्यानं बोलत गाडी चालवायला लावली: आरसा बघितला, मागं पांढरी व्हॅन आहे, पुढं बसथांबा, कोणीतरी उतरेल. दुसऱ्या तासापासून मी हे पुटपुटणं मराठीत सुरू केलं. त्याला शब्द कळत नव्हता, पण कुठं गप्प झालो ते बरोबर कळायचं, आणि जिथं गप्प झालो तिथंच काहीतरी बघायचं राहिलेलं असायचं.

## गोल चौक आणि एसटीचं दार

दुसरी रडायची जागा म्हणजे राउंडअबाउट, मधे बेट असलेला गोल चौक. ताराराणी चौकात, दसरा चौकात पुतळ्याभोवती फिरलेल्याला यात काय नवीन? नवीन हे की तिथं एक नियम खरोखर पाळला जातो: उजवीकडून, म्हणजे गोलात आधीच फिरत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. ब्रिटननं हा नियम 1966 साली पक्का केला. त्याआधी आत शिरणारा आणि आत असलेला दोघंही पुढं रेटायचे, गोल भरायचा आणि कुणालाच बाहेर पडता यायचं नाही.

एसटीचं दार आठवा. "आधी उतरू द्या!" असं कंडक्टर ओरडतो, कारण चढणाऱ्यांनी दार अडवलं तर आतले उतरणार नाहीत, आणि आतले उतरले नाहीत तर चढणाऱ्यांना जागा होणार नाही. गोल चौकाचं शास्त्र एवढंच. गंमत म्हणजे 1989 साली आपल्याकडं निघालेल्या रस्त्याच्या नियमांतही, शिरताय तो मुख्य रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या, असं लिहिलेलं होतं. वाचलं कुणी?

आणि दिव्यांचा घोळ वेगळाच. घाटात समोरच्यानं अप्पर-डिप्पर मारला की आपण समजतो, "मी येतोय, थांब." ब्रिटनच्या नियमावलीप्रमाणं लाइट मारणं म्हणजे फक्त "मी इथं आहे" एवढंच, पण तिथले लोक रोजच्या व्यवहारात ते "जा तू पुढं" या अर्थानं वापरतात. मी थांबलो म्हणून समोरचा थांबला, तो थांबला म्हणून मी थांबलो, आणि दोघंही एकमेकांवर लाइट मारत बसलो. हे उलटं झालं तर काय होईल याचा विचार करा.

## "आपल्या रस्त्यावर चालवणारा कुठंही चालवेल"

हे वाक्य मी स्वतः मिशीला पीळ देत म्हटलेलं आहे. अर्धं खरं आहे. धोका ओळखायची आपली नजर तयार असते. पण ब्रिटनच्या लेखी परीक्षेचा दुसरा भाग बघा. पहिल्या भागात 50 प्रश्न, 43 बरोबर हवेत, घोकून होतो. दुसऱ्यात रस्त्याच्या 14 छोट्या चित्रफिती दाखवतात. धोका उभा राहताना दिसला की माउस दाबायचा. जितक्या लवकर ओळखाल तितके जास्त गुण, एका धोक्याला जास्तीत जास्त 5. एकूण 75 पैकी 44 हवेत.

यात अनुभवी माणूस दोन्ही बाजूंनी मार खातो. एक तर त्याला धोका फार लवकर वास येऊन कळतो. धोका उभा राहायच्या आधीच तो दाबतो, गुणांची वेळ सुरूच झालेली नसते, शून्य. मग घाबरून सारखा दाबत सुटला तर संगणक त्याला लबाडी समजतो, त्या चित्रफितीचे सगळे गुण गेले. दुसरीकडं, आपल्याला काही गोष्टी धोका वाटतच नाहीत. उभ्या मोटारीचं दार किंचित उघडणं, दूरवर फुटपाथच्या कडेला आलेलं पोर: हे आपल्या रोजच्या रस्त्याचं नेपथ्य असतं. सरावाच्या चित्रफिती मिळतात, त्या आधी बघाव्यात.

आणि ज्या देशांत रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, तिथली गोष्ट आणखी निराळी. स्टिअरिंग डावीकडं येतं, वळायला जाल आणि इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होईल, हे हसण्यावारी जातं. खरा धोका पहिल्या दिवशी नसतो, तेव्हा माणूस जीव मुठीत धरून चालवतो. तो येतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहाटे पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर निघताना. समोर दुसरी गाडी नसते, बघून नक्कल करायला कोणी नसतं, आणि हात जुन्या बाजूला वळतात. जुनं कौशल्य असं नव्याच्या आड येतं. जितका सराव मुरलेला, तितका तो घोटाळ्याच्या क्षणी आधी बाहेर येतो. नवख्याला हा त्रास नाही, त्याच्या हाताला जुनं काही ठाऊकच नसतं. स्वीडननं 3 सप्टेंबर 1967 ला एका रात्रीत अख्खा देश डावीकडून उजवीकडं नेला, तेव्हा तिथला प्रत्येक जुना ड्रायव्हर सकाळी एकदम नवशिका झाला होता.

जर्मनीत तर पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती बोळातली गाडी का असेना. अमेरिकेत चारही बाजूंना थांबायची पाटी असलेले चौक असतात: जो आधी आला तो आधी जातो, आणि चाक पूर्ण थांबलं पाहिजे. नुसतं हळू केलं तर ते थांबणं धरत नाहीत.

## क्लासवाले लुटतात का?

ब्रिटनमध्ये तासाला साधारण 35 ते 40 पौंड पडतात, चार हजार रुपयांच्या आसपास. नवख्याला सरासरी 45 तास लागतात असं तिथलं सरकारी खातं सांगतं. अनुभवी माणसाला तेवढे कशाला? माझ्या मते सहा ते दहा पुरतात. जो शिक्षक तुमची गाडी अर्धा तास न बघताच तीस तासांचं पॅकेज गळ्यात मारतो, त्याला नमस्कार करून निघा. पहिल्याच तासाला सांगा: मला गाडी येते, परीक्षेसारखं चालवून घ्या आणि चुका लिहून द्या.

क्लास न लावता थेट परीक्षा द्यावी का? मी तेच केलं होतं. परीक्षेची फी कामाच्या दिवशी 62 पौंड, ती गेलीच. पण पुढची तारीख मिळायला तिथं गेली काही वर्षं महिनोन्‌महिने लागतात, आणि तेवढ्यात माझे 12 महिने संपले. मग एल पाटी लावून, शेजारी तीन वर्षं जुनं लायसन्स असलेला माणूस बसवून चालवायची वेळ आली. माझ्या शेजारी बसायची ती माझ्याच ऑफिसातली, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान मुलगी. तिला रोज चहा पाजावा लागायचा.

अजून एक: ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. आपल्याला गिअर येतात, तर गिअरच्याच गाडीवर द्या.

दुसऱ्या खेपेला मी सहा किरकोळ चुकांवर पास झालो. परीक्षक म्हणाला, आरसे छान बघता. एवढं कौतुक मला दहावीलाही मिळालं नव्हतं.

परत आल्यावर पहिल्यांदा अण्णांना घेऊन अंबाबाईला निघालो. घरापासून बिंदू चौकापर्यंत ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडं बघत होते. शेवटी राहवेना, तेव्हा म्हणाले, "सारखं मागं काय बघालायस? मान अवघडलीय का?"